मला बोलू देत जा

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी "मी नसले तर" एवढंच म्हटलं आणि तू तोडलंस, "आई, असं बोलायचं नाही, पॉझिटिव्ह राहा." तुझा गळा दाटला होता, कळलं मला. पण फोन ठेवल्यावर फार एकटं वाटलं रे.

नागपूरला तिसऱ्या केमोच्या दिवशी एक समुपदेशक बाई जवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "रात्री मनात काय येतं?" दुखणं निघाल्यापासून हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं, पोट फुगायचं तरी गॅसच्या गोळ्या खाऊन निंदणाला जात राहिले, चूक माझीच. त्यांनी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, अंडाशयाचा कॅन्सर असाच लपून वाढतो. लक्षणं अपचनासारखी, आणि लवकर ओळखणारी खात्रीची तपासणी अजून नाही. बहुतेक बायकांचा तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातच सापडतो. पोटात पुन्हा पाणी भरून जीव गुदमरला तर, हेही विचारलं. ते सुईनं काढतात, दुखण्यावर मॉर्फिन असतं. हा आजार परत येण्याची शक्यता मोठी आहे, हेही त्यांनी लपवलं नाही. त्या रात्री मी पहाटेपर्यंत झोपले.

आताही सीए-१२५चा, म्हणजे या कॅन्सरसाठीच्या रक्त तपासणीचा, रिपोर्ट यायचा असला की दोन दिवस घास उतरत नाही. केमोनं बोटं बधिर झालीत, घरचा कापूस असून वाती वळता येत नाहीत. त्या दिवशी रडले. हे सारं तुला सांगावंसं वाटतं.

तुझे बाबा बोलत नाहीत, गोठ्यात जाऊन बसतात. त्या बाईंनी त्यांना टेलिमानस या मनाच्या आधारासाठीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ नंबर लिहून दिला. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. एका रात्री त्यांनी लावला. काय बोलले ते मी विचारलं नाही.

एक काम मात्र तुझ्याशिवाय होणार नाही. हा आजार कधी रक्ताच्या नात्यातून लेकीकडे जातो. माझी बीआरसीए जनुकाची तपासणी झाली, दोष निघाला. ताईला अजून सांगितलं नाही, जीभच रेटत नाही. हा दोष लेकाकडेही येऊ शकतो, म्हणून तुलाही तपासून घ्यावं लागेल. पोळ्याला दोन दिवस जास्तीची रजा काढ. मी तिला सांगेन तेव्हा शेजारी बस, आणि मी रडले तर थांबवू नकोस.

बाबांनी बैलांच्या झुली उन्हात टाकल्यात.

तुझी
आई