राजूरच्या प्रदर्शनात मदत केलेल्या सगळ्यांचे आभार

शहापूरहून आमचा डांगी जातीचा वळू घेऊन राजूरच्या जनावरांच्या प्रदर्शनाला गेलो होतो, गर्दी बघून तो पिकअपमधून उतरायलाच तयार नाही, तेव्हा हातातला चहा टाकून ज्या पोरांनी कासरा धरला त्यांची नावंपण विचारायची राहिली. आणि ते टोपीवाले बाबा! रिंगणात कसं उभं करायचं ते त्यांनी दाखवलं, पुढचे पाय सरळ, मान वर, म्हणजे वशिंड आणि गळ्याची पोळी, ती खाली लोंबणारी कातडी, जजला नीट दिसते. वर म्हणाले अंगाला तेलबिल चोपडू नका, डांगीच्या कातडीला स्वतःचंच तेल सुटतं म्हणून तर तो एवढ्या पावसात टिकतो. नंबर आला, तिसरा का होईना. वैरण देणाऱ्या ताई, तुमचेपण खूप आभार, शहापूरला आलात तर जेवूनच जायचं.