बाटली उघडण्याआधी हे वाच

प्रिय नीलू,

तुझं पत्र काल मिळालं. वजनाचा आकडा तू इतक्या बारीक अक्षरात लिहिलास की भिंग शोधायची वेळ आली. अगं, माझ्यापासून काय लपवायचं? पण ‘सोमवारपासून एरोबिक्स आणि त्याच दिवसापासून हर्बल कॅप्सूल’ हा तुझा बेत वाचला आणि मी लगेच लिहायला बसले. दोन वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं होतं.

सकाळी पाऊण तास झपझप चालायचं आणि दिवसातून दोनदा ग्रीन टीच्या अर्काची कॅप्सूल. तीन महिन्यांत कमरेचा घेर चार सेंटिमीटरनी उतरला. श्रेय दिलं बाटलीला! मग रक्ततपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृताला त्रास झाला की रक्तात वाढणारं एंझाइम, वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “औषधं काय काय चालू आहेत?” मी म्हटलं, “काहीच नाही.” खोटं बोलले नाही गं, कॅप्सूलला औषध म्हणायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. घरी येऊन बाटली फिरवून पाहिली, तर मागे सात वनस्पतींची नावं आणि प्रमाण एकीचंही नाही, नुसतं ‘विशेष मिश्रण’. दुसऱ्या दिवशी बाटली घेऊनच गेले. त्यांनी ती बंद केली, दोन महिन्यांत एसजीपीटी जागेवर आलं. कमरेचा घेर मात्र कॅप्सूलवाचूनही उतरतच राहिला.

ग्रीन टी कपातून पिणं वेगळं आणि त्याचा अर्क गिळणं वेगळं. अर्कातून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (ग्रीन टीमधलं मुख्य द्रव्य) पोटात गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्येच सांगितलंय. माझ्या बाटलीत ते किती होतं, देव जाणे.

सगळ्याच वनस्पती थोतांड आहेत असं मी म्हणत नाही. मेथीदाण्यातला तंतू आतड्यात साखरेचं शोषण मंदावतो. दारुहळदीतल्या बर्बेरिन नावाच्या द्रव्यानं रक्तातली साखर थोडी उतरते, पण तेच बर्बेरिन यकृतात काही औषधांचं विघटनही मंदावतं आणि तुझी रक्तदाबाची गोळी चालू आहे, विसरू नकोस. व्यायाम आणि वनस्पती एकत्र देऊनही अभ्यास झालेत, पण बरेचसे छोटे, आठ-बारा आठवड्यांचे. तेवढ्यावर यकृत पणाला लावू नये, असं माझं मत.

चालण्याचं तसं नाही. स्नायू हलले की पेशीच्या आत दडलेले ग्लूट-४ नावाचे वाहक पृष्ठभागावर येतात आणि रक्तातली साखर आत ओढतात, इन्सुलिनची वाटही न बघता. नंतरचे एक-दोन दिवस इन्सुलिनही जास्त चांगलं काम करतं. म्हणून सलग दोन दिवस खाडा करू नकोस. अमेरिकेतला एक मोठा अभ्यास २००२ मध्ये छापून आला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार सांभाळला, थोडं वजन उतरवलं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम केला, तर मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनं ३१ टक्क्यांनी!

वेग किती? बोलता यावं, पण गाता येऊ नये, इतका. काट्यावर रोज चढू नकोस. वजन हललं नाही तरी पोटाच्या आतली चरबी कमी होत असते, ती टेपनं कळते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धर, श्वास सोड आणि मग आकडा बघ. पहिले काही आठवडे मी पोट आत ओढून मोजायचे. फसवत कोणाला होते, कोण जाणे!

तर पहिले तीन महिने नुसता व्यायाम कर. एचबीए१सी ही रक्ततपासणी साधारण तेवढ्याच दिवसांच्या सरासरी साखरेचा हिशोब सांगते, ती आधी आणि नंतर करून घे. मग हवंच असेल तर एकच वनस्पती, डॉक्टरांना विचारून. दोन्ही एकदम सुरू केलंस तर कशानं फरक पडला आणि कशानं बिघडलं, काहीच कळणार नाही.

बाटली आणलीच असशील तर लेबलचा फोटो पाठव. आणि बुटांच्या लेसला दुहेरी गाठ मार, माझी दुसऱ्याच दिवशी सुटली होती आणि गुडघा फुटला होता.

तुझीच,
रेखा

ता. क. पुढच्या पत्रात आकडा मोठ्या अक्षरात लिही.