हात देण्याआधी

प्रिय बाळा,

डिकनदीक्षा, म्हणजे फादर होण्याआधीची पायरी, जवळ आली, म्हणून हे लिहितोय. त्या दिवशी तू बिशपांपुढे गुडघे टेकशील, जोडलेले हात त्यांच्या दोन्ही हातांत देशील आणि ते विचारतील, माझा आणि माझ्यानंतर येणाऱ्यांचा आदर राखशील, आज्ञेत राहशील, असे वचन देतोस का? तू म्हणशील, देतो. किमान सहा महिन्यांनी, गुरुदीक्षेच्या म्हणजे फादर होण्याच्या वेळी, हेच पुन्हा. अर्ध्या मिनिटाचे काम. हातांची ही रीत युरोपातल्या सरदारांची. मालकाशी इमान राखण्याची शपथ ते अशीच घेत. त्यामुळे पुष्कळांना हे वचन म्हणजे चाकरी वाटते. तू तसे समजू नकोस.

‘माझ्यानंतर येणाऱ्यांचा’ एवढ्या शब्दांवर जरा थांब. बिशपांना पंचाहत्तरीला राजीनामा द्यावा लागतो. आपला वसई धर्मप्रांत, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश, १९९८ साली झाला आणि आताचे बिशप तिसरे. म्हणजे ज्यांचे तोंडही तू पाहिलेले नाहीस, त्यांनाही तू आजच शब्द देतो आहेस. वचन माणसाच्या स्वभावाला नाही, पदाला आहे. एखादे बिशप आवडते म्हणून पाळले आणि पुढच्यांशी पटेना म्हणून सोडले, तर ती दोस्ती झाली, आज्ञापालन नव्हे.

शिवाय हे वचन आहे, व्रत नाही. जेज्विटांसारख्या संन्यस्त संस्थांतले फादर, सिस्टर्स दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन अशी तीन व्रते घेतात आणि त्यांच्या वरिष्ठांना संस्थेच्या घटनेला धरूनच आज्ञा देता येते. तू धर्मप्रांताचा फादर होणार. वाडीतला हिस्सा तुझ्या नावावर राहू शकतो. तुझ्या हातात राहणार नाही ती नेमणुकीची निवड.

खरी परीक्षा बदलीत असते. कॅनन लॉचे, म्हणजे चर्चच्या कायद्याचे, २७४ वे कलम सांगते की, रास्त अडचण नसेल तर बिशपांनी सोपवलेले काम घ्यायचे आणि नीट पार पाडायचे. पहिली काही वर्षे तू धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, प्रमुख धर्मगुरूचा सहायक असशील. सहायकाला रास्त कारण असेल तर बिशप हलवू शकतात, फार सोपस्कार नाहीत. प्रमुख धर्मगुरूचे वेगळे: बिशपांनी आधी लेखी प्रस्ताव द्यायचा आणि समजूत घालायची. फादरना मान्य नसेल तर त्यांनी कारणे लेखी द्यायची. मग बिशपांनी दोन प्रमुख धर्मगुरूंना बरोबर घेऊन ती तपासायची, तरीही बदली हवीच वाटली तर पुन्हा समजवायचे, आणि त्यानंतरच हुकूम. एवढ्या पायऱ्या आहेत त्या फादरने बोलावे म्हणूनच.

बिघडते ते इथे. फादर बिशपांसमोर ‘हो’ म्हणून येतात आणि मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, अंगणात चार जणांपाशी कुरकुरतात. आठवड्यात सह्यांचे कागद फिरतात, पंधरवड्यात बिशप हाउसवर मंडळी जाऊन उभी राहतात आणि फादर म्हणतात, मी कुठे काय सांगितले? उघड नकार देणारा माणूस मला यापेक्षा परवडतो. लोकांना आपली गरज आणि मत बिशपांना कळवायचा हक्क आहेच, कॅनन लॉचे २१२ वे कलम तो देते. पण फादरने स्वतःची बाजू त्यांच्या तोंडून वदवू नये. गावाला दोन गट पडतात आणि नव्या फादरला पहिल्या दिवसापासून त्यांतला एक गट अंगावर घ्यावा लागतो.

संत बेनेडिक्टने मठवासींसाठी लिहिलेल्या नियमावलीचा ६८ वा अध्याय वाच, चार-पाच वाक्यांचाच आहे. न झेपणारे काम सांगितले तर आधी शांतपणे स्वीकार, मग योग्य वेळ पाहून, न चिडता, का झेपत नाही ते वरिष्ठाला सांग. तरीही आज्ञा कायम राहिली तर देवावर भरवसा ठेवून कर. आपण पोराबद्दल ‘ऐकतो’ म्हणतो, त्यात कानही आला आणि आज्ञाही. पण बिशपांनाही कान आहेत, आणि तुझी अडचण त्यांना कळणार ती तुझ्याच तोंडून. आईवडिलांचे आजारपण, स्वतःचा रक्तदाब, डहाणू-जव्हारकडे लागणारी वारली बोली न येणे, जे असेल ते नेमणुकीआधी सांग.

लेखी हुकूमच चुकीचा वाटला तर दिवस मोज. मिळाल्यापासून १० दिवसांत त्यांच्याकडेच लेखी फेरविचार मागायचा. त्यांना ३० दिवस असतात. नकार आला किंवा उत्तरच आले नाही, तर पुढच्या १५ दिवसांत वर, रोमकडे. बहुतेक बाबतींत तोवर हुकूम पाळतच राहायचा. मुदत चुकते ती रागात पहिले दहा दिवस बोलण्यात घालवल्यामुळे.

एका ठिकाणी मात्र ऐकायचे नाही. पाप करायला कुणीही सांगू शकत नाही. लोकांनी फादरपाशी दिलेल्या पापांच्या कबुलीची गुप्तता कुणाच्याही आज्ञेने मोडत नाही. आणि लहान मुलांवरच्या अत्याचाराबद्दल ‘गप्प राहा’ ही आज्ञा नव्हेच. पोप फ्रान्सिस यांच्या २०१९ च्या नियमांनी अशी तक्रार करणे फादर-सिस्टरांना बंधनकारक केले आहे, आणि तक्रार करणाऱ्याला गप्प बसवता येत नाही. आपला २०१२ चा पॉक्सो कायदाही, कलम १९, पोलिसांना कळवायलाच सांगतो.

बदली झालीच तर चार्ज नीट दे. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यूच्या वह्या पूर्ण, मिस्सेच्या देणग्यांच्या वहीत राहिलेल्या, म्हणजे देणगी घेतली पण अजून न झालेल्या, मिस्सा वेगळ्या, सामानाची यादी, किल्ल्या, बँकेत सही बदलायचे पत्र. लोकांनी फादर म्हणून तुझ्या हातात दिलेले पैसे, उलटे सिद्ध होईपर्यंत, धर्मग्रामाचेच धरले जातात. ‘ते मला वैयक्तिक दिले’ यावरून निघालेली भांडणे वर्षानुवर्षे पुरतात.

मम्मी विचारतेय, डिकनचा स्टोल, तो लांब पट्टा, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेला येतो ना? मग लांबी इंचात कळव. शिंप्याने डाल्मॅटिकचे, म्हणजे डिकनच्या झग्याचे, कापड अजून कापलेले नाही, तुझ्या मापांसाठी थांबलाय.

तुझे पप्पा