आजीच्या प्रिंटसाठी, अक्षर मोठं ठेवणे

मिलवॉकी, विस्कॉन्सिन
२२ डिसेंबर

ती. आजी, आई आणि बाबा यांना सा. नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

आजीला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि व्हिडिओवर ती माझ्याऐवजी मागच्या भिंतीकडे बघत बसते, म्हणून लिहितेय. दादा, नेहमीसारखं मोठ्या अक्षरात छापून दे.

आधी तब्येतीचं. मी उत्तम आहे. परवा आवाज बसल्यासारखा वाटला तो हीटरच्या कोरड्या हवेने. सर्दी नाही, ताप नाही, आणि तुम्हाला सांगत नाही असं काहीही नाही. थंडी आहे, पण ती बाहेर आहे. घरात मी हाफ बाह्यांच्या कपड्यांत असते. सव्वाचारला सूर्य मावळतो हे खरं, पण मावळल्यावर मी एकटी कुठे भटकत नाही. बर्फात गाडी चालवायची वेळ आली तर चालवतेच, बाबा. इथे सगळेच चालवतात. हिवाळ्याचे टायर घातलेत. आता या विषयावर फॉरवर्ड पाठवणं बंद करा.

आई, तू चीजच्या डिपची कृती मागितली होतीस, भिशीसाठी. लिहिते, पण आधी ते मी केलं कशासाठी ते सांगू दे, कारण तो प्रकारच तुम्हाला कळणार नाही.

इथे नाताळच्या आधी प्रत्येकाकडे पॉटलक असतं. आमच्या टीममधल्या एका बाईंनी सगळ्यांना घरी बोलावलं. तुम्हाला वाटेल, बोलावलं म्हणजे त्यांनी केलं आणि आपण जाऊन खाल्लं. तसं नाही. बोलावणाऱ्याने घर, प्लेटा आणि प्यायचं तेवढं द्यायचं. जेवण पाहुण्यांनी आणायचं. आधी एक तक्ता फिरतो, त्यात नाव, पदार्थ, किती जणांना पुरेल आणि कशाकशाची अ‍ॅलर्जी होऊ शकेल हे भरायचं. मी मुद्दाम उशिरा भरला, तोवर गोड सगळं संपलं होतं, राहिलं होतं फक्त 'डिप'. मग गेल्यावर प्रत्येकाने आपापलं भांडं टेबलावर मांडायचं, त्यात चमचा खोचायचा, पुढे पदार्थाच्या नावाची चिठ्ठी ठेवायची. पंगत नाही, वाढप नाही, आग्रह तर नाहीच. 'घे अजून थोडं' कोणी म्हणत नाही. पहिल्या वर्षी मी आग्रहाची वाट बघत अर्धपोटी घरी आले होते. आणि पुढचं ऐका. निघताना उरलेलं ज्याचं त्याने परत न्यायचं! यजमानीणबाई दारात उभ्या राहून ज्याचं भांडं त्याच्या हातात देतात, वर 'थँक्यू फॉर कमिंग'. भांडं रिकामं झालं असेल तर घासून, पुसून, पण रिकामंच. आपल्याकडे शेजारचं भांडं परत देताना तळाला निदान चिमूटभर साखर तरी असते. पण त्या बाई मनाने फार चांगल्या आहेत. रीतच ती आहे. कुणाला वाईट वाटत नाही, मलाही आता वाटत नाही.

आजी, तुला आवडेल असं एक. डिप म्हणजे मधोमध एक वाडगा आणि भोवती चिप्स, बिस्किटं, गाजराच्या कांड्या. प्रत्येकाने बुडवायचं आणि खायचं. ऐकून तू तोंड वाकडं केलंस ना? पण एकदा चावलेला तुकडा पुन्हा वाडग्यात घातला तर इथली माणसं तुझ्याइतकीच बिथरतात. तोंडावर बोलत नाहीत, नुसती बघतात. मी वाडग्याशेजारी वेगळा मोठा चमचा ठेवला होता, आपापल्या प्लेटमध्ये वाढून घ्यायला. निम्म्या लोकांनी वापरला.

आता तुझा मोठा प्रश्न, चीजमध्ये वासराचं काही असतं का. तुला कोणी सांगितलं ते खोटं नाही. जुन्या पद्धतीत दूध साकळायला वासराच्या पोटातला पदार्थ वापरत, आणि इटलीच्या अस्सल पार्मेजान चीजमध्ये अजूनही तोच लागतो. म्हणून ते मी घेतच नाही. इथलं बहुतेक चीज मात्र आता सूक्ष्मजंतूंकडून तयार करून घेतलेल्या एन्झाइमवर होतं. १९९० मध्ये इथल्या सरकारने त्याला परवानगी दिली तेव्हापासून वासराचं मागे पडलं. मी 'व्हेजिटेरियन' लिहिलेलंच पाकीट घेते. आणि क्रीम चीज मुळात आंबट विरजणावर लागतं, आपल्या दह्यासारखं. मी दुकानात उभी राहून सगळी बारीक अक्षरं वाचते, आजी. मागचे लोक खोळंबतात, खोळंबू देत. मासे सापडले ते भलत्याच ठिकाणी. इथल्या प्रत्येक कृतीत वूस्टरशर सॉस नावाची एक काळी बाटली असते, तिच्यात चिंचही असते आणि अँचोव्ही नावाचे मासेही. मी बाटली जागेवर ठेवली आणि घरून नुसता चिंचेचा कोळ घातला. कोणाला फरक कळला नाही.

बाबा, तुमच्यासाठी. विस्कॉन्सिन म्हणजे अमेरिकेचं दूधदुभत्याचं राज्य, गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा तसं छापलेलं असतं. देशात सगळ्यात जास्त चीज इथे होतं. १९६७ पर्यंत या राज्यात पिवळं मार्जरीन, म्हणजे तेलातुपाचं नकली लोणी, विकायला कायद्याने बंदी होती, का तर लोकांनी ते लोणी समजून घेऊ नये. आपल्या दूध संघवाल्यांना दाखवा. आणि ज्या क्रीम चीजवर फिलाडेल्फियाचं नाव असतं, ते फिलाडेल्फियात जन्मलंच नाही. १८७०च्या दशकात न्यू यॉर्क राज्यातल्या चेस्टर गावात एका डेअरीवाल्याच्या हातून झालं. फिलाडेल्फियाच्या दुधाचं तेव्हा नाव होतं म्हणून ते नाव डब्यावर टाकलं. मिलवॉकी हे जर्मन लोकांनी वाढवलेलं, बिअरच्या कारखान्यांचं गाव, त्यामुळे इथल्या डिपमध्ये बिअर ओततात. मी ओतली नाही. हसू नका, खरंच नाही ओतली.

कृती. २२६ ग्रॅमची क्रीम चीजची वडी तासभर बाहेर ठेवायची, फ्रिजमधून काढून लगेच घोटायला गेलं तर गुठळ्या राहतात आणि त्या मग जन्मात मोडत नाहीत. त्यात अर्धी वाटी सावर क्रीम, दोन पाकळ्या लसूण किसून, अर्धा चमचा मोहरीची पूड, मिरपूड, तो चिंचेचा कोळ. मग दोनशे ग्रॅम मुरलेलं चेडर चीज, आणि ते हाताने किसायचं. किसलेलं तयार पाकीट मिळतं, पण चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च चोळलेला असतो, त्याने डिप रवाळ होतं. सगळं एकत्र करून पसरट भांड्यात, ओव्हनमध्ये १८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं. कडेने बुडबुडे आले की बाहेर. 'अजून थोडा रंग येऊ दे' म्हणून ठेवलं तर मुरलेलं चीज तेल सोडतं, वर पिवळा तवंग आणि खाली रबर. वरून लाल सिमला मिरचीचे बारीक तुकडे आणि कांद्याची पात, कारण नाताळला लाल-हिरवं लागतंच. पार्टीत ते कोमट राहायला हवं, म्हणून सगळे स्लो कुकर 'वॉर्म'वर ठेवतात. एका टेबलावर चार कुकर चालू होते, घरमालकाचा फ्यूज उडाला आणि मेणबत्त्या लागल्या. छान वाटलं खरं तर.

आई, तुला यातलं क्रीम चीज शोधत साताऱ्याला जायची गरज नाही. चक्का बांध, पाव किलो, अगदी घट्ट, श्रीखंडाला बांधतेस त्याहून थोडा जास्त वेळ. दही आंबट नको. पाव वाटी दुधात अमूलचे सहा क्यूब किसून मंद आचेवर हलवत विरघळव. आपलं ते चीज प्रोसेस्ड असतं, त्यात तेल सुटू नये म्हणून क्षार घातलेले असतात, त्यामुळे ते माझ्या चेडरपेक्षा शहाण्यासारखं वितळतं. गॅस बंद कर, कोमट होऊ दे, मग चक्क्यात थोडं थोडं घालून फेट. परत गॅसवर चढवू नकोस, चक्का फाटेल. लसूण, मोहरीची पूड, कोळ तसंच. मीठ शेवटी चाखून, चीज खारट असतं. वरून डाळिंबाचे दाणे आणि पात. सोबत काकडी, गाजर, खाकरा. त्या कुलकर्णीकाकूंना चीज चालत नाही म्हणतात, त्यांना न सांगता दे. बाबांना मात्र दोन चमच्यांवर देऊ नकोस, गोळी वाढवलीय म्हणून.

माझं डिप संपलं. भांडं रिकामं परत आलं, म्हणजे ते मानाचं.

आजी, तू रोज अंगणापर्यंत चालतेस असं वहिनी म्हणाली. चाल. काठी घे, लाजू नकोस. घाटावरच्या गणपतीला माझा नमस्कार सांग.

तुझी,
मुक्ता

(दादा, इथून पुढचं आजीच्या प्रिंटमध्ये घेऊ नकोस. आई-बाबांना फोनवरच वाचू दे.)

आई, फेब्रुवारीत मला यायला जमणार नाही. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला मी नसेन, हे लिहायला मी पत्राचा शेवट गाठला, ते तुझ्या लक्षात येईलच. माझ्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलीय. इथे राहायला, नोकरी करायला काही अडचण नाही, घाबरू नका, कागद चोख आहेत. पण बाहेर पडले की परत येण्याआधी नवा शिक्का घ्यावा लागतो, आणि मुंबईतल्या मुलाखतीच्या तारखा फार लांबच्या आहेत. अडकले तर नोकरी थांबून राहणार नाही. वकिलांनी स्पष्ट सांगितलं, अगदीच गरज नसेल तर जाऊ नका. गरज म्हणजे काय ते त्यांना समजावत बसले नाही. ऑफिसमधले दोघे-तिघे याच कारणाने भावांच्या लग्नाला गेले नाहीत, मी काही एकटी नाही. आजीला तुम्ही सांगू नका. पुढच्या पत्रात मी लिहीन. ती दिव्यांनी ओवाळून घेताना दादाने व्हिडिओ लावावा, इथे मध्यरात्र असली तरी मी जागी असेन.

पैशांचं. कर्जाचा हप्ता नेहमीप्रमाणे गेलाय. त्याशिवाय तिकिटासाठी बाजूला काढले होते ते सगळे पाठवतेय. हॉल, गुरुजी, आचारी, आजीचं लुगडं त्यातून करा. लुगडं पैठणीच घ्या, वजनाला हलकी. ती 'मला कशाला' म्हणेल, तिचं ऐकू नका.

आणि ते न्यू जर्सीचं स्थळ. हो, फोन झाला. दोनदा झाला. मुलगा बरा आहे, बोलतो सरळ, स्वयंपाक येतो म्हणतो, ते बघितल्याशिवाय मी मानणार नाही. जानेवारीत तो शिकागोला कामासाठी येतोय, तिथून मिलवॉकी गाडीने दीड तास. भेटू. याचा अर्थ होकार नाही. मावशीला इतकंच सांग की बोलणं चालू आहे, ती सगळ्या वाईला सांगेल म्हणून याच्या पुढे एक शब्द नको. आजीच्या डोळ्यांदेखत व्हावं हे तू दर वेळी म्हणतेस, आई. मला ऐकू येतं ते. त्या एका कारणासाठी मी हो म्हणावं असं तुलाही वाटत नसणार, आणि वाटत असेल तर निदान फोनवर म्हणू नकोस, त्यानंतर मला ऑफिसात काम सुचत नाही.

पैसे येत्या आठवड्यात खात्यात दिसतील. बाबा, हात जोडून सांगते, त्यांची एफडी करू नका.

मुक्ता