तारकोव्हस्कीचं दोनदा जळलेलं घर

प्रिय विन्या,

परवा फोनवर तू फटकन म्हणालास, "एका शॉटसाठी अख्खं घर परत बांधायला लावायचं, हा नुसता माज!" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. रात्री रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीचा तो सिनेमा, 'द सॅक्रिफाइस', पुन्हा लावला. आता लिहूनच भांडतो, म्हणजे तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

आधी तुझा एक गैरसमज. तू म्हणालास, मरायला टेकलेला माणूस हट्टाला पेटतोच. अरे, १९८५ मध्ये स्वीडनच्या गोटलंड बेटावर शूटिंग झालं, तेव्हा तारकोव्हस्कीला आजाराचा पत्ताच नव्हता. फुप्फुसाच्या कॅन्सरचं निदान झालं ते डिसेंबरात, शूटिंग उरकल्यावर. म्हणजे तो हट्ट धडधाकट माणसाचा होता. गंमत बघ (गंमत म्हणवत नाही खरं तर), या गोष्टीच्या पहिल्या खर्ड्यात नायकालाच कॅन्सर होता आणि एका चेटकिणीबरोबर रात्र काढल्यावर तो बरा होतो. पुढे गोष्ट बदलली, कॅन्सर गेला, अणुयुद्ध आलं. चेटकीण तेवढी उरली. आता नायक देवाला शब्द देतो, युद्ध टळू दे, मी सगळं सोडीन. तो शब्द पाळायला शेवटी स्वतःचं घर जाळतो.

आता घर. तारकोव्हस्कीला खरं तर स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचं फोरो बेट हवं होतं, पण लष्कराने परवानगी नाकारली. म्हणून गोटलंडच्या किनाऱ्यावर, नुसत्या माळरानात, ते लाकडी घर उभं केलं. ते जळताना एकाच सलग शॉटमध्ये घ्यायचं. कॅमेऱ्यामागे बर्गमनचा कॅमेरामन स्वेन न्यूक्विस्ट. एकच कॅमेरा नको, असं त्याचं म्हणणं होतं, पण तारकोव्हस्की ऐकेना. आग लावली, घर पेटलं आणि कॅमेरा अडकला. विचार कर, सगळं युनिट उभं आहे, समोर घर धडाडून जळतंय आणि फिल्मवर काहीच येत नाहीये. "कट" म्हणून आग थोडीच थांबते! घराची राख झाली आणि हातात काही नाही. मग प्रचंड खर्च करून दोनेक आठवड्यांत तेच घर पुन्हा उभारलं. या वेळी कॅमेरे दोन. तेव्हा त्याचा माज नव्हताच असं नाही म्हणत मी, पण तो एका कॅमेऱ्यावर अडून बसण्यात होता. तिथे तू बरोबर आहेस. घर परत बांधण्यात मात्र नाही.

का, ते सांगतो. शॉट जवळजवळ सहा मिनिटांचा आहे. चिखल, डबकी, मागे घर पेटलेलं आणि काळ्या किमोनोतला नायक (नट अर्लंड योसेफसन) डबकी तुडवत सैरावैरा धावतोय. घरचे मागे लागलेत. अ‍ॅम्ब्युलन्स येते, तो आत बसतो, परत बाहेर पळतो. कॅमेरा नुसता रुळावरून डावीकडे-उजवीकडे सरकत राहतो. इतकी धावपळ की क्षणभर हसूच येतं. आणि त्या गडबडीत घराचा सांगाडा आपल्या गतीने कोसळतो. तुकडे जोडून केलं असतं तर आग वेगळी आणि माणूस वेगळा झाला असता. इथे घर जळायला जितका वेळ लागतो तितकाच वेळ त्या वेड्या माणसाकडे उरलाय. ही वेळ एडिटिंग टेबलावर तयार होत नाही, बाबा.

बाकी सिनेमा सगळाच मला आवडतो असं नाही. पहिल्या तासात माणसं इतकं बोलतात की मीही पेंगलो.

पण त्यातल्या मुलाकडे नीट बघ. घशाच्या ऑपरेशनमुळे तो बोलू शकत नाही, म्हणून बापच बडबडत असतो. शेवटी बाप अबोल होतो आणि तो पोरगा वठलेल्या झाडाला पाणी घालून त्याच्याखाली आडवा पडतो आणि पहिल्यांदा बोलतो, बापाला प्रश्न विचारतो. तारकोव्हस्कीचा स्वतःचा मुलगा तेव्हा रशियात अडकलेला. १९८४ मध्ये मिलानला "आता परत जाणार नाही" असं जाहीर करून बसला होता हा. सरकार पोराला सोडेना. बाप अंथरुणाला खिळल्यावर, जानेवारी १९८६ मध्ये सोडलं. मे महिन्यात कानच्या चित्रपट महोत्सवात सिनेमाला 'ग्रां प्री' मिळाली, ती घ्यायला तोच पोरगा गेला. बापाला जाण्याचं त्राण नव्हतं. २९ डिसेंबरला तारकोव्हस्की पॅरिसमध्ये वारला, चौपन्नाव्या वर्षी. सिनेमा त्याने त्या मुलालाच अर्पण केलाय.

रविवारी फोन कर. पण त्याआधी शेवटची वीस मिनिटं बघ, मोबाइलवर नको, आणि आवाज मोठा ठेव. घर कोसळतानाचा आवाज ऐकून मग बोल मला काय ते.

तुझाच,
श्री