नाशिकच्या हवेतले कण नुसते तोलू नका

मा. मंत्री,
पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

नाशिक राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे. शहराची हवा पीएम १० आणि पीएम २.५ या आकड्यांत मोजली जाते, म्हणजे घनमीटरभर हवेतल्या कणांचे वजन. फुप्फुसांच्या काळजीपोटी ते हवेच. पण हे कण हवा तापवतात की निववतात, हे वजन सांगत नाही. सल्फेटचे कण ऊन परतवतात, डिझेल-लाकडाची काजळी ते शोषते. वजन सारखे असूनही परिणाम उलटा.

जगभरात घोडे इथेच अडले आहे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार १७५० ते २०१९ या काळात कार्बन डायऑक्साइडने पृथ्वीवर अडून राहणाऱ्या उष्णतेत दर चौरस मीटरला सुमारे २.१६ वॅटची भर घातली. या आकड्यात अनिश्चितता पाव वॅटची. एरोसोलमुळे, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या या कणांमुळे, झालेली घट १.१ वॅट, पण ती ०.४ असू शकते, १.७ देखील. बरीच अनिश्चितता ढगांपायी आहे. कण वाढले की तेवढ्याच पाण्याचे थेंब संख्येने जास्त आणि आकाराने बारीक होतात, ढग उजळतो. किती, ते दर ढगाला वेगळे, आणि ढगाखालचे कण उपग्रहाला दिसत नाहीत.

म्हणून मागणी अशी: २०२७ च्या सिंहस्थ स्नानांआधी कण मोजणारे एक केंद्र सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींच्या बाजूला आणि एक त्र्यंबकच्या दिशेला, वस्ती-रस्त्यापासून दूर उभारा. दोन्हीकडे काजळीसाठी एथॅलोमीटर, प्रकाश किती विखुरतो हे पाहायला नेफेलोमीटर, रासायनिक तपासणीसाठी टेफ्लॉन व क्वार्ट्झ फिल्टर.

यंत्रे घेणे सोपे आहे, बिघडते ते नंतर. पावसाळ्यात कण पाणी पिऊन फुगतात, म्हणून आत येणारी हवा ४० टक्के आर्द्रतेखाली सुकवावी लागते. ती तापवून सुकवली तर अमोनियम नायट्रेट उडून जाते आणि आकडा खोटा कमी येतो. म्हणून न तापवता पडद्यातून ओलावा काढणारा ड्रायर बसवा. एथॅलोमीटरमध्ये कण ज्या फिल्टर-टेपवर साठतात, तिच्यावरचा डाग गडद होत गेला की काजळी कमी दिसू लागते. ती दुरुस्ती आणि टेपच्या तंतूंत प्रकाश विखुरतो त्यासाठीचा गुणांक क्वार्ट्झ फिल्टरवरच्या कार्बनशी ताडून इथेच ठरवावा, दुसऱ्या शहराचा उसना घेऊ नये. क्वार्ट्झ फिल्टर आधी ५५० अंशांवर भाजलेले हवेत आणि नमुना घेतल्यावर शीतपेटीत ठेवलेले. हवेचा प्रवाह व शून्य-तपासणी दर आठवड्याला, नेफेलोमीटरची तपासणी कार्बन डायऑक्साइड वायूने. निविदेत टेप, वायू आणि प्रशिक्षित माणूस यांचा पाच वर्षांचा खर्च धरलेला नसेल, तर खरेदी करूच नका.

धोरणाबाबतही एक आग्रह आहे. गंधकाचा धूर कमी व्हायलाच हवा, माणसे त्याने आजारी पडतात. पण सल्फेट घटले की त्याने दिलेला थंडावाही जातो. काजळी त्याच वेळी कमी केली, तर त्यामुळे वाढणारी उष्णता काही अंशी भरून निघेल. सिंहस्थातले डिझेल जनरेटर, वीटभट्ट्या आणि कचरा जाळणे यांवर आत्ताच बंधन घाला. शहराच्या हवामान आराखड्यात एरोसोलचा परिणाम एका आकड्यात न देता कमाल-किमान मर्यादेत द्या, आणि दर तासाचा कच्चा डेटा प्रवाह, आर्द्रता व वापरलेल्या गुणांकासह सर्वांसाठी खुला ठेवा.

कळावे,
हवेतील कणांचे मोजमाप करणारे नाशिककर