नोकरी सोडण्याआधी एकदा माझं ऐक

प्रिय सखी,

तुझं पत्र मिळालं. बाळंतपणाची रजा संपत आली आणि परत कामावर जायचं की घरी राहायचं, या विचारानं तुझी झोप उडाली आहे हे वाचलं आणि लगेच लिहायला बसले. लगेच म्हणजे धाकटा झोपल्यावर. तो मध्येच उठला तर उरलेलं पत्र रात्री लिहीन, तेव्हा पुढे अक्षर बदललेलं दिसलं तर समजून घे.

"तू दिवसभर नेमकं काय करतेस, खरं खरं सांग," असं तू विचारलं आहेस. हाच प्रश्न दुसऱ्या कुणी केला असता तर मला लागला असता. तुला मात्र खरोखर जाणून घ्यायचं आहे, म्हणून हातचं काही न राखता लिहिते.

स्वयंपाक, धुणं, भांडी, केर, डबे, अंघोळी, अभ्यास ही कामं तुला सांगायला नकोत. नोकरी करतानाही तुला ती चुकलेली नाहीत. घरी राहिल्यावर बदलतं ते असं की कुठलंही काम एका बैठकीत पुरं होत नाही. घड्या घालायला घ्याव्यात तर मोठीला पट्टी सापडत नसते. पट्टी शोधून परत यावं तर धाकटा घातलेल्या घड्यांवर लोळत असतो. ऑफिसात एखादं काम हातावेगळं केलं की ते संपलं, निदान त्या दिवसापुरतं तरी. इथे भांडी घासून ओटा पुसला, हात कोरडे केले की मागून पाण्याचा पेला येऊन पडतोच. पहिले काही महिने मला याचा फार त्रास झाला. आता मी "झालं का?" असं स्वतःला विचारत नाही. आज घर चाललं का, एवढंच बघते.

आणि बाळ झोपलं की आपल्याला वेळ मिळेल, या भरवशावर राहू नकोस. चार महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तासांची झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आकडा ऐकून वाटतं, केवढी मोकळीक! पण ही झोप तुकड्या-तुकड्यांत येते, आणि कुठला तुकडा किती लांबेल हे तुझ्या हातात नसतं. त्यामुळे लागोपाठ तासभर लक्ष लागेल असं काही त्या वेळात ठरवायचंच नाही. ठरवलं की चिडचिड होते, आणि ती नेमकी बाळावरच निघते.

हातांना पडणारे कष्ट मोजता येतात. खरा थकवा येतो तो डोक्यात सांभाळाव्या लागणाऱ्या गोष्टींनी. दोन्ही मुलांची वजनं मला पाठ आहेत, कारण तापाच्या औषधाचं माप वजनावर ठरतं आणि रात्री दोन वाजता वजनकाटा शोधत बसायला वेळ नसतो. पुढची लस कधी, कुणाचे बूट पुढच्या बाजूनं तंग झालेत, शाळेतून आलेल्या कुठल्या कागदावर सही राहिली आहे, शिजवलेलं अन्न बाहेर ठेवून दोन तास होत आले का, मोठीची कुठली मैत्रीण परवापासून तिच्याशी बोलत नाही, हे सगळं एकाच वेळी मनात चालू असतं. दुधाचा किंवा रक्ताचा डाग आधी गार पाण्यातच धुवायचा, गरम पाणी लागलं की तो कापडात पक्का बसतो, असली माहितीही याच डोक्यात. कुणी म्हटलं, "काही लागलं तर सांग," तरी काय लागणार आहे ते लक्षात ठेवून सांगायचं काम माझ्याकडेच राहतं. ही गोष्ट घरात आधी बोलून घेतली नाही तर पुढे ती मनात साचत जाते. त्यावर थोड्या वेळानं येते.

आधी मी हे का सोडत नाही ते सांगते.

गेल्या आठवड्यात धाकट्यानं जाहीर केलं की शर्टाची बटणं तो स्वतः लावणार. जमिनीवर फतकल मारून बसला. हनुवटी छातीला टेकवली, म्हणजे बटण दिसावं. डाव्या हातानं काजाची कड धरली आणि उजव्या अंगठ्यानं बटण आत ढकललं. ते अर्धं आत गेलं, तिथे आडवं झालं आणि परत बाहेर आलं. पुन्हा ढकललं, पुन्हा बाहेर. जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती, श्वास जोरात चालला होता. मी दोन्ही हात पाठीमागे धरून बसले, कारण ते समोर असते तर मी बटण लावून मोकळी झाले असते. पाचव्या की सहाव्या खेपेला त्यानं एक नवीन गोष्ट केली. बटण पलीकडून दिसायला लागताच डाव्या हातानं ते चिमटीत पकडून ओढलं. ढकलणं एका हातानं आणि ओढणं दुसऱ्या हातानं, हे त्याचं त्यालाच सुचलं. बटण लागलं. मग तो माझ्याकडे न बघता पुढच्या बटणाकडे वळला.

त्या वेळी आम्हाला कुठेही पोचायचं नव्हतं, म्हणून हे झालं. घाई असती तर मीच पटापट बटणं लावून त्याला उचललं असतं, आणि त्यात चूक काहीच नव्हती. कामावर जाणाऱ्या आईला ते करावंच लागतं, तिची मुलंही बटणं लावायला शिकतातच. पण मला ते बघायला मिळालं. घरी राहून मला काय मिळालं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन, की मुलांच्या वेगानं चालायची सवड मिळाली. मोठीचा पहिला दात पडला तेव्हा तिनं तो मुठीत धरून मला तासभर प्रश्न विचारले. दुधाचे दात वीसच का, नवीन दात एवढे दिवस कुठे होते, सगळ्यात मागे जी दाढ येते आहे तिच्या जागी आधी कोण होतं? तिथे आधी कुणीच नसतं, सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी ती दाढ कुठलाही दुधाचा दात न पाडता मागच्या मोकळ्या जागेत येते, हे मी शोधून तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. अशा दुपारी मला हव्या होत्या आणि त्या मला मिळाल्या. यात तडजोड नाही.

म्हणून "काही करत नाही, घरीच असते" हे वाक्य मला सहन होत नाही. एका समारंभात यांच्या ओळखीच्या गृहस्थांनी माझ्या देखतच यांना विचारलं, "वहिनी काही करत नाहीत का?" हे म्हणाले, "माझ्यापेक्षा जास्त करते." मला ते आवडलं, पण घरी येईपर्यंत मनात विचार घोळत राहिला, की जास्त म्हणजे किती, आणि ते मोजणार कोण?

मग थोडं वाचलं. अमेरिकेत मार्गारेट रीड नावाच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९३४ सालीच एक सोपी कसोटी सांगून ठेवली आहे. घरातली एखादी गोष्ट पैसे देऊन तिसऱ्या माणसाकडून करून घेता येत असेल तर ते काम. माझ्याऐवजी दुसरं कुणी झोपलं तर मला विश्रांती मिळत नाही, म्हणजे झोपणं हे काम नव्हे. पण माझ्याऐवजी दुसऱ्या कुणी केर काढला तरी घर स्वच्छ होतं, म्हणजे केर काढणं हे काम. किती सरळ आहे बघ! तरीही देशाचं उत्पन्न मोजताना घरच्यांसाठी रांधलेलं, धुतलेलं, सांभाळलेलं काहीच धरत नाहीत. तेच काम पगारी माणसानं केलं की त्याचा पगार हिशोबात येतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८च्या अहवालात ६४ देशांमधल्या वेळेच्या नोंदींवरून हिशोब मांडला आहे. बिनपगारी घरकामात आणि सांभाळण्यात रोज १६४० कोटी तास जातात. आठ तासांची पाळी धरली तर २०० कोटी माणसं रोज फुकट राबतात असा त्याचा अर्थ होतो, आणि यातला तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा बायकांचा आहे.

रीडबाईंची कसोटी मी आमच्या घराला लावून बघितली. एका रात्री मुलं झोपल्यावर आम्ही दोघं कागद घेऊन बसलो आणि आठवडाभराची सगळी कामं लिहून काढली, लक्षात ठेवायची कामंसुद्धा. कागदाची दोन्ही पानं भरली. यांना कामं ठाऊक नव्हती असं नाही, पण सगळी एकत्र लिहिलेली त्यांनी प्रथमच पाहिली. त्या रात्री वाद झाला नाही, वाटणी झाली. सकाळची शाळेची तयारी पूर्ण त्यांच्याकडे, म्हणजे डब्यापासून सहीपर्यंत आणि आठवण ठेवण्यापर्यंत. मी विचारतही नाही. दाताच्या डॉक्टरांकडच्या खेपा त्यांच्याकडे. आणि रविवारची सकाळ माझी, त्या वेळात मी घरात असले तरी नसल्यासारखी. सुरुवातीला मुलं सवयीनं माझ्याकडेच यायची. आता "बाबा" अशी हाक ऐकू येते आणि मी पुस्तकाचं पान उलटते.

याच वाचनात एक हकीकत मिळाली, ती तुला सांगायचीच आहे. २४ ऑक्टोबर १९७५ या दिवशी आइसलंडमधल्या बायकांनी एक दिवस नोकरीचं आणि घरचं, दोन्ही काम थांबवलं. देशातल्या जवळजवळ नव्वद टक्के बायका त्यात सामील झाल्या. शाळा, कारखान्यांचं काम अडलं, बापमंडळी मुलांना घेऊन कामावर गेली. पुढच्याच वर्षी तिथे स्त्री-पुरुष समानतेचा कायदा झाला आणि १९८० साली विग्दिस फिनबोगादोत्तिर निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झाल्या. मला संप करायचा नाही. पण एका दिवसात सगळ्यांना सगळं दिसलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी मैत्रीच्या हक्कानं जरा जोर देऊन सांगणार आहे. पैशाचं बोलणं राजीनामा देण्याआधी कर, नंतर नाही. तुमचं एकमेकांवर कितीही प्रेम असलं तरी कर. तुझ्या स्वतःच्या नावावरचं खातं चालू राहिलं पाहिजे आणि त्यात दर महिन्याला ठरलेली रक्कम, कुणी न मागता, जमा झाली पाहिजे. पगार थांबला की म्हातारपणासाठीची बचतही थांबते. ती तुझ्या नावानं पुढे कशी चालेल हे आत्ताच ठरवा. आरोग्य विमा तुझ्या कंपनीकडून असेल तर नोकरीबरोबर तो जाईल, म्हणून दुसरा आधी घ्या. तुझ्या नवऱ्याच्या आयुर्विम्याकडेही बघा, घर एका पगारावर चालणार असेल तर तो पुरेसा हवा. आणि तुझ्या विम्याचाही विचार करा. तू करतेस ते उद्या पगारी माणसांकडून करून घ्यायचं म्हटलं तर किती खर्च येईल, हे त्या कागदावरून कळेलच. लोक हे विसरतात.

परत कामाला लागायचं दार उघडं ठेव. तुझ्या क्षेत्रात एखादा परवाना किंवा नोंदणी वेळोवेळी नव्यानं करावी लागत असेल तर ती चुकवू नकोस. जुन्या सहकाऱ्यांपैकी दोघी-तिघींशी बोलणं ठेव. दुपारी घर शांत असतं तेव्हा मोठ्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलावंसं वाटतं, फार वाटतं. मी त्यासाठी संध्याकाळी फिरायला जाते, आणि आमच्या आई मुलांजवळ थांबतात. सासूबाईंनी मला दिलेल्या सगळ्या गोष्टींत हा पाऊण तास मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि मी त्यांना तसं सांगितलंही आहे.

तू घरी राहावंस असा माझा आग्रह नाही. तुझं काम तुला किती आवडतं हे मी बघितलेलं आहे. रात्री अकरा वाजता फोन करून तू मला कुठल्यातरी आकडेमोडीचं कौतुक ऐकवायचीस. ते सोडताना घशात आवंढा येत असेल तर सोडू नकोस. बाळाला चांगला पाळणाघराचा आधार मिळत असेल, घरचे सोबत असतील, तर तेही उत्तमच आहे. पण "बाळ लहान आहे, आईच हवी" असं चार जणांनी म्हटलं म्हणून सोडू नकोस. आणि घरी राहायची ओढ तुला आतून वाटत असेल, तर "शिकून काय उपयोग झाला" म्हणणाऱ्यांचंही ऐकू नकोस. तू लिहिलं आहेस, "रजेचे शेवटचे दिवस मोजत बसते." ते मोजताना कामाची आठवण येऊन बरं वाटतं की पोटात खड्डा पडतो, ते मला सांग. तुझ्या पत्रातून ते नीट कळलं नाही.

धाकटा उठला, हाका मारतो आहे. कागद-पेन घेऊन दोघं बसाल तेव्हा लक्षात ठेवायची कामं वेगळ्या रकान्यात लिहा, नाहीतर ती नेहमीप्रमाणे मोजायची राहून जातात. आमचा कागद अजून कपाटात आहे, त्याचा फोटो काढून पाठवते. पुढच्या महिन्यात शाळेला सुट्टी लागली की मी मुलांना घेऊन तुझ्याकडे येते आहे. तेव्हा बाळाला मी बघीन, तू दुपारी झोप.

उत्तर लवकर लिही.

तुझीच,
मैत्रीण